शिडाचा वर्ग आणि आमची परीक्षा

दुसऱ्याची परीक्षा घेणें जितकें सोपें, तितकेंच स्वतः परीक्षेस बसणें अवघड, हें प्रत्येक शिक्षकास मनांतून ठाऊक असतें; मात्र विद्यार्थ्यांपाशीं तें तो सहसा कबूल करीत नाहीं. वार्षिक अंकासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें असा संपादकांचा निरोप आला, तेव्हां प्रथम आमच्या मनांत आलें कीं, सिंधुदुर्ग किल्ल्याचें वर्णन लिहून मोकळें व्हावें. किल्ल्यावर लिहिणें निर्धास्त असतें. १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं कुरटे बेटावर त्याचा पाया घातला, तटाचीं वळणें नागमोडी आहेत, भोंवतीं खारें पाणी असून आंत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हें सर्व पुस्तकांत आहे, व या अंकाच्या वाचकांस तें पाठ आहे. म्हणून तो बेत सोडून, कोणत्याही पुस्तकांत नसलेली व सांगतांना आम्हांस किंचित् लाज वाटावी अशी एक गोष्ट येथें लिहीत आहों. ती आमच्या नापास होण्याची गोष्ट आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलास शीड म्हणजे काय हें सांगावें लागत नसेल, असें परगांवच्या मनुष्यास वाटतें. वस्तुस्थिति आतां तशी राहिलेली नाहीं. होड्यांना यंत्रें बसलीं आणि डोलकाठ्या उतरल्या. बंदरावरून किल्ल्याकडे जाणारी होडी आज यंत्राच्या आवाजावर चालते. वारा कोठून वाहतो याची चौकशी तींतील प्रवाशास करावी लागत नाहीं. ज्या गांवासमोर मराठ्यांच्या आरमाराचा किल्ला उभा आहे, व ज्या किल्ल्याच्या साक्षीनें भारतीय नौदलानें २०२३ सालीं ४ डिसेंबरचा आपला नौदल दिन साजरा केला, त्या गांवांतील पुष्कळ मुलांनीं शिडाची दोरी हातांत धरलेली नाहीं, ही गोष्ट आम्हांस व आमच्या दोन मित्रांस फार दिवस बोचत होती. बोलतां बोलतां एका दसऱ्यास असें ठरलें कीं, पावसाळा सरल्यावर दर रविवारीं चिवला किनाऱ्यावर शिडाच्या लहान होडीचा वर्ग चालवावा. चिवल्यास समोर खडकांचा आडोसा असल्यामुळें लाटा सौम्य असतात, व वाळूही मऊ आहे.

होड्या तीन मिळाल्या. त्यांपैकीं दोन जुन्या, पण चांगल्या स्थितींतील, 'एंटरप्राइज' जातीच्या होत्या. ही होडी जॅक होल्ट या इंग्रज आंखणीकारानें १९५६ सालीं तयार केली. ती चार मीटरांहून किंचित् अधिक लांब असून तींत दोघे बसतात, आणि तिचीं निळीं शिडें दुरूनही ओळखूं येतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागांतील छात्रही याच जातीच्या होडीवर शिडाचे धडे घेतात. तिसरी होडी गांवठी, उलांडीची. ती एका वृद्ध तांडेलानें आम्हांस विनामूल्य वापरावयास दिली, आणि रविवारीं सकाळीं स्वतःही येऊन वाळूवर बसूं लागला. मुलें त्यास तांडेल आजोबा म्हणत. तो फारसें बोलत नसे. बिडी विझली तरी ती तशीच ओठांत ठेवून तो पाण्याकडे पाहत राही.

पहिल्या रविवारीं चोवीस मुलांचीं नांवें आलीं. त्यांत सात मुली होत्या. हजेरीपट आंखतांना आम्हांस जो आनंद झाला, तो वर्णन करण्याचें आतां कारण नाहीं. कारण माघ महिना उजाडला तेव्हां त्याच पटावर जेमतेम अकरा नांवांपुढें खुणा पडत होत्या, आणि मुली दोनच उरल्या होत्या. आम्हीं कारणें शोधलीं, व शोधणाराच दोषी असला म्हणजे जीं सांपडतात तींच आम्हांस सांपडलीं. मुलांच्या हातीं मोबाईल आले आहेत, हल्लींच्या मुलांस कष्ट नकोत, आईबाप परीक्षेच्या पलीकडे पाहत नाहींत. असें आम्ही एकमेकांस सांगत असूं व एकमेकांचें समाधान करीत असूं.

तरीसुद्धां सभासदांचें मत घ्यावें, असें आमच्यापैकीं एकानें सुचविलें. तें आम्हीं मोठ्या थाटानें पार पाडलें. छापील कागद आणले. त्यांवर नांव लिहिण्यास जागा होती, व खालीं तीन प्रश्न होते : वर्ग कसा वाटला? शिक्षक कसे वाटले? कांहीं सुधारणा सुचवावयाची आहे काय? मुलांस रांगेनें बसवून व आम्ही स्वतः त्यांच्या रांगांमधून फिरत फिरत तीं उत्तरें लिहवून घेतलीं. अकराही कागद आमची स्तुति करीत होते. 'वर्ग फार चांगला आहे.' 'सर्व उत्तम.' 'सूचना नाहीं.' एका मुलानें लिहिलें होतें कीं, 'सर रागावतात, पण आमच्या भल्यासाठीं रागावतात.' या वाक्याचा पूर्वार्ध आम्हीं वाचलाच नाहीं. उत्तरार्ध मात्र त्या दिवशीं दोनदां वाचला.

कागदांचा तो गठ्ठा आम्हीं कौतुकानें तांडेल आजोबांस दाखविला. त्यांस वाचतां येत होतें, परंतु चष्मा घरीं होता. म्हणून आम्हींच थोडें वाचून दाखविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, "ह्यां कोणी लिवला?"

"वर्गांतल्या मुलांनीं, आजोबा."

"जी येतत, तेंनी?"

"होय."

"आणि जी येनत नाय, तेंका कोण इचारतलो?"

आम्ही निरुत्तर झालों. म्हाताऱ्यानें विझलेली बिडी वाळूंत खोंचली व उठतां उठतां तो म्हणाला, "मास्तरानूं, वारो खंय गेलो तां पडलेल्या शिडाक इचारूचा लागता. भरलेल्या शिडाक इचारून काय गावतला?"

त्या रात्रीं आम्हांस झोंप नीट लागली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून, हजेरीपटावर ज्या तेरा नांवांपुढें खुणा पडणें बंद झालें होतें, त्यांच्या घरीं जाण्याचा आम्हीं क्रम धरला. छापील कागद नेला नाहीं. जातांना मनाशीं एकच नियम केला : जें कोणी सांगेल तें ऐकून घ्यावयाचें, आणि त्यावर आपलें समर्थन करावयाचें नाहीं. नियम सोपा दिसतो. तो पाळतांना आमची जीभ किती वेळां दांतांखालीं सांपडली, हें आमचें आम्हांस ठाऊक.

पहिल्या घरीं एक दहा वर्षांचा मुलगा होता. तो म्हणाला कीं, "सर, मी सकाळीं सात वाजतां येत होतों आणि नऊ वाजेपर्यंत वाळूवर बसत होतों. मग माझी पाळी येई. ती संपली कीं लगेच दुसऱ्याची." होड्या तीन व मुलें चोवीस, हा हिशेब आम्हांस पहिल्या दिवशींच मांडतां आला असता, आम्हीं तो मांडला नव्हता. त्याच मुलानें पुढें सांगितलें कीं, ओहोटी असली म्हणजे होडी ओल्या वाळूवरून पाण्यापर्यंत ओढण्यांतच त्याची शक्ति संपे. एंटरप्राइज होडीचा नुसता सांगाडाच सुमारें नव्वद किलोंचा असतो, आणि तो मुलगा स्वतः पंचवीस किलोंचाही नसेल.

दुसऱ्या घरीं एक मुलगी होती. वर्गांत ती अतिशय हुशार म्हणून आम्हांस आठवत होती. ती कांहींच बोलेना. बोलली ती तिची आई. "भिजलेल्या कपड्यांनीं बाजारांतून घरापर्यंत चालत यायचें, गुरुजी. किनाऱ्यावर कपडे बदलायला चार झांपांचा आडोसा तरी आहे काय? लहान होती तोंवर चाललें. आतां कसें चालेल?" आम्हीं शिडाचें माप घेतलें होतें, दोरांचे पीळ तपासले होते, पण ही गोष्ट आमच्या डोक्यांत एकदांही आली नव्हती. सातांपैकीं पांच मुली कां गेल्या, याचें उत्तर चार झांपांइतकें सोपें होतें.

तिसऱ्या घरच्या मुलाची हकीकत याहून लागणारी होती. एके दिवशीं त्याची होडी उलटली. होडी उलटणें हा या विद्येंतील नित्याचा प्रकार आहे. तळांतून खालीं गेलेल्या फळीवर उभें राहून भार टाकला कीं ती पुनः सरळ होते, व हें प्रत्येकास शिकवावेंच लागतें. त्या मुलास पाण्याची भीति वाटली असेल, असें समजून आम्हीं त्यास धीर देण्यास आरंभ केला. तो मध्येंच म्हणाला, "मला भीति नाहीं वाटली. पण मी वर आलों तेव्हां सगळे हंसत होते. आणि सर, तुम्हीही हंसत होतां." आम्हांस तो प्रसंग आठवेना. त्याला मात्र तो तारीखवार आठवत होता.

चौथा मुलगा आम्हांस घरीं भेटला नाहीं. बंदरावर जाळें दुरुस्त करीत बसलेला सांपडला. तो त्या तांडेलाचाच नातू होता. त्याचें नांव पटावर असून तो येत नाहीं, हें म्हाताऱ्यास ठाऊक असणारच; परंतु त्यानें आम्हांस तसें कधीं सुचविलें नव्हतें. "तूं कां रे येत नाहींस?" असें विचारतांच तो मान खालीं घालून म्हणाला, "सकाळीं रांपण असता." थोड्या वेळानें, गांठ मारीत मारीत, खरें कारण बाहेर पडलें. पहिल्या महिन्यांत एकदां होडींत बसून तो सोबत्यास ओरडला होता, "दामण सोड, दामण!" शिडाच्या ज्या दोरीनें शीड ताणतात किंवा ढिलें करतात, तिला आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या दामण म्हणतात. आम्हीं किनाऱ्यावरून मोठ्यानें सांगितलें होतें, "दामण नव्हे, 'शीट' म्हण. नीट शब्द शीक." इतर मुलें हंसलीं. तो मुलगा आम्हांस एवढेंच म्हणाला, "माझो आजो दामणच म्हणता."

वाचकहो, त्या क्षणीं आमची जी स्थिति झाली ती शब्दांत सांगतां येत नाहीं. विस्मृतींत चाललेली विद्या मुलांस परत मिळवून द्यावी म्हणून आम्ही निघालों होतों, आणि ज्या घरांत ती विद्या अजून जिवंत होती त्या घरच्या मुलासच आम्हीं लाजवून परत पाठविलें होतें. नाळ, परबाण, दामण हे शब्द त्याच्या आजोबांच्या तोंडीं होते. आमच्या तोंडीं पुस्तकांतले होते. यांत अज्ञानी कोण, हें सांगावयास नको.

तेराही घरें झाल्यावर आम्ही तिघे मित्र बसलों व मत विचारण्याची रीति मुळापासून बदलली. जें ठरलें तें थोडक्यांत देतों. कारण कोणास असा वर्ग, एखादें क्रीडामंडळ, किंवा नुसता वाचनाचा मेळावाही चालवावयाचा असेल, तर तें उपयोगी पडावें.

पहिली गोष्ट अशी कीं, कागदावर नांव नको, आणि लिहितांना शिक्षक जवळ नको. गांव लहान, अक्षर सर्वांस ओळखीचें. म्हणून लहान मुलांनीं तोंडानें सांगावें व एका मोठ्या मुलीनें सर्वांचें लिहून घ्यावें, असें ठेवलें. चिठ्ठ्या मासळीच्या एका रिकाम्या टोपलींत पडत, आणि त्या आमच्या हातीं येण्यापूर्वीं पाळीनें निवडलेले दोन विद्यार्थी त्या वाचीत. दुसरी गोष्ट, हंगाम संपल्यावर विचारावयाचें नाहीं. होडी वाळूस लागली, अंग अजून ओलें आहे, तोंच विचारावयाचें. महिन्यानें विचारलें तर मूल सभ्यपणा आठवतें. तत्काळ विचारलें तर जें झालें तें आठवतें. तिसरी गोष्ट प्रश्नांची. 'वर्ग कसा वाटला?' या प्रश्नास 'चांगला' याखेरीज उत्तर नाहीं. म्हणून आम्हीं असे प्रश्न केले कीं, ज्यांचें उत्तर देतांना कोणास कोणाची स्तुति करतांच येऊं नये : आज वाळूवर किती वेळ बसलां व पाण्यांत किती वेळ मिळाला? आज भीति वाटली असल्यास नेमक्या कोणत्या क्षणीं? सांगितलेल्यापैकीं काय समजलें नाहीं? कोणाचें बोलणें मनास लागलें काय? पुढच्या रविवारीं कोणती एकच गोष्ट बदलावी?

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जेथें होड्या ठेवीत असूं तेथें एक जुनी फळी टांगून तिच्यावर खडूनें तीन रकाने पाडले : 'ऐकलें', 'केलें', आणि 'करणार नाहीं, कारण…'. मत विचारून तें पेटींत बंद करून ठेवणें हें न विचारण्यापेक्षां वाईट, असें आमचें आतां ठाम मत झालें आहे. न विचारल्यानें मुलास वाटतें कीं यांस सुचलें नसेल. विचारून कांहीं न केल्यानें त्यास वाटतें कीं यांस आपली पर्वा नाहीं.

या रीतीनें पहिल्या तीन रविवारांतच एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. भीतीच्या प्रश्नास निरनिराळ्या मुलांनीं जवळजवळ एकच उत्तर दिलें होतें. एकानें लिहविलें, 'किनारा लांब लांब जात होता तेव्हां.' दुसऱ्यानें, 'मागें बघितलें तर आपलीं माणसें बारीक दिसत होतीं तेव्हां.' आम्ही वर्ग पहांटेनंतर लगेच भरवीत असूं. कारण त्या वेळीं पाणी आरशासारखें सपाट असतें. परंतु कोंकणकिनाऱ्यावर हिंवाळ्यांत सकाळीं जो वारा असतो तो मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. रात्रीं जमीन पाण्यापेक्षां लवकर निवते, तिच्यावरची थंड हवा समुद्राकडे सरकते, आणि नवशिक्याची होडी तिच्याबरोबर नकळत बाहेर ओढली जाते. ऊन चढल्यावर जमीन तापते व वारा फिरतो. मग समुद्राकडून खारा वारा येऊं लागतो व चुकलेल्या होडीस आपोआप घराकडे ढकलतो. भूगोलाच्या तासाला आम्ही हें फळ्यावर चित्र काढून शिकविलेलें आहे! सपाट पाण्याच्या मोहानें आम्हीं लहान मुलांस नेमक्या त्याच वेळीं पाण्यावर पाठविलें, जेव्हां प्रत्येक चूक त्यांस घरापासून दूर नेत होती. मुलांस मतलई हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्याचा अर्थ त्यांच्या पोटांत गोळा होऊन उभा राहिला होता.

वर्गाची वेळ सकाळीं सातावरून दहावर नेली. तेवढ्यानें दोन गांठी एकदम सुटल्या; कारण दहापर्यंत रांपणीचें काम आटोपत असे, व कोळ्या-गाबितांचीं मुलें मोकळीं होत. दुपारीं वायव्येचा वारा जोर धरतो, म्हणून दीड वाजतां सर्व होड्या वाळूवर आल्याच पाहिजेत असा नियम केला. चौकशी करतां करतां झांपांची खोलीही उभी राहिली. तिला आंतून कडी लावली. वाळूवर ताटकळणाऱ्यांसाठीं किनाऱ्यावरच एक डोलकाठी उभी करून शीड चढविणें, उतरविणें व गांठी मारणें यांचा सराव सुरू केला, म्हणजे पाळीची वाट पाहणें हें रिकामें बसणें राहिलें नाहीं.

शीड मोठें पडतें, वारा आला कीं आवरत नाहीं, अशी लहानांची तक्रार होती. नवीन होड्या घेण्यास पैसा नव्हता. येथें आम्हांस परदेशांतील एका उदाहरणाचा उपयोग झाला. ब्रूस कर्बी यांनीं १९६९ सालीं जिचें पहिलें रेखाटन केलें, ती 'लेसर' नांवाची एकट्यानें चालविण्याची होडी १९९६ पासून ऑलिंपिकमध्यें आहे. २०१९ पासून तिला 'आयएलसीए' म्हणतात. तिचा सांगाडा एकच, पण शिडें तीन मापांचीं : सुमारें सात, पावणेसहा आणि पावणेपांच चौरस मीटर. माणूस हलका असेल तर होडी न बदलतां शीड व डोलकाठीचा खालचा भाग बदलावयाचा. यांतील सर्वांत लहान शिडावर नेहा ठाकूर या मुलीनें, २०२३ सालीं हांगचौ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत भारतास रौप्यपदक मिळवून दिलें, आणि सर्वांत मोठ्या शिडावर विष्णु सरवणन यांनीं कांस्यपदक मिळविलें. लहान शीड म्हणजे कमी प्रतीचें शीड नव्हे, हें मुलांस पटविण्यास ही गोष्ट पुरेशी झाली. तांडेल आजोबांनीं एक फाटकें शीड मागून घेतलें, मांडीवर पसरलें व दोन संध्याकाळींत कापून, शिवून त्याचें लहान शीड करून दिलें.

याच लेसरच्या संघटनेची दुसरीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिच्या होडीचा नियम बदलावयाचा असल्यास वरिष्ठ मंडळांचा होकार पुरत नाहीं. जगभरच्या सभासदांचीं मतें मागवितात, व मत देणाऱ्यांपैकीं निदान दोन-तृतीयांश अनुकूल असावे लागतात. सभासदांवांचून संघटना म्हणजे रिकामी होडी, हें तत्त्व त्यांत आहे. आमच्या वर्गांतही मोठीं मुलें शर्यती वाढवा म्हणत, लहान मुलें कमी करा म्हणत. अशा वेळीं आम्ही हात वर करावयास सांगून मतें मोजूं लागलों. पण लवकरच एक भेद ध्यानांत आला. सोयीची गोष्ट असेल तर मतें मोजावीं. भीतीची अथवा अब्रूची गोष्ट असेल तर मोजूं नयेत. कपडे बदलण्याच्या खोलीस मत पडलें असतें तर दोन मुली एका बाजूस व नऊ मुलगे दुसऱ्या बाजूस, असा निकाल लागला असता. तेथें एका मुलाचें एक वाक्य सर्व वर्गाइतकें जड मानावें लागतें.

सर्वच मागण्या आम्हीं मान्य केल्या, असें मात्र कोणी समजूं नये. तिसऱ्या रकान्यांतही पुष्कळ लिहावें लागलें. 'लाईफ जॅकेट गरम होतें, तें नको' या मागणीपुढें आम्हीं लिहिलें : 'करणार नाहीं, कारण समुद्र कोणाचें पोहणें विचारीत नाहीं.' 'दुपारच्या वाऱ्यांत किल्ल्यास वळसा घालूं द्या' या मागणीपुढें : 'करणार नाहीं, कारण किल्ल्याभोंवतीं पाण्याखालीं खडक आहेत व तुमचे हात अजून कच्चे आहेत, पुढील वर्षीं पुनः विचारा.' मुलें कुरकुरलीं, परंतु त्या कारणानें कोणी वर्ग सोडून गेला नाहीं. नकारापेक्षां, कारण न सांगतां दिलेला नकार मनुष्यास अधिक लागतो, असा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटीं पटावर एकोणीस नांवें होतीं, व एकोणीसांपुढें खुणा पडत होत्या. ती मुलगी परत आली, आणि येतांना आपल्या दोन मैत्रिणींस घेऊन आली. दहा वर्षांचा तो मुलगा आतां अकरांचा झाला असून लहान शिडाचा सरदार आहे. तांडेलाच्या नातवास आणण्यासाठीं आम्हांस दुसऱ्यांदा बंदरावर जावें लागलें. त्या वेळीं आम्हीं वहीपेन्सिल बरोबर नेली, आणि त्यास म्हटलें, "तुझ्याकडून शब्द लिहून घ्यायला आलों आहें." होडीच्या प्रत्येक दोरीचें, काठीचें व फळीचें नांव तो सांगत गेला, जेथें अडला तेथें आजोबांस हांक मारली. आतां वर्गांत प्रत्येक वस्तूचीं दोन नांवें शिकवितात, आणि घरचें नांव आधीं शिकवितात. तो शिकवितो. आम्ही वाळूवर बसून ऐकतों.

परंतु ज्या मुलाच्या फजितीस आम्ही हंसलों होतों, तो परत आला नाहीं. आम्हीं त्याच्या घरीं जाऊन, त्याच्या वडिलांसमक्ष, त्याची क्षमा मागितली. त्यानें ती सौजन्यानें केली व आम्हांस चहाही दिला. तो आतां रविवारीं क्रिकेट खेळतो व चांगलें खेळतो, असें ऐकतों. आम्हीं वेळींच विचारलें असतें तर काय झालें असतें, हा विचार त्याला मैदानावर पाहतों तेव्हां मनांत येतो. कांहीं चुका कळल्यानें सुधारतात, कांहीं नुसत्या कळतात.

बालवाचकांनो, तुम्हांसही कोणी तरी कधीं तरी कागद देऊन तुमचें मत विचारील. 'सर्व उत्तम' असें लिहून मोकळें होण्याचा मोह तेव्हां होईल. कारण विचारणारा वडील असतो व त्याचा मान राखावा असें आपणांस शिकविलेलें असतें. मान अवश्य राखा. पण खरें लिहा. तुमच्या एका खऱ्या वाक्यानें तुमच्या मागून येणाऱ्या एखाद्या मुलाचें वाळूवरचें ताटकळणें वांचूं शकेल. आणि जे आमच्यासारखे शिकविणारे आहेत, त्यांस एवढीच विनंति कीं, हजेरीपटावरचीं कोरीं घरें एकदां सावकाश वाचावीं. आमच्या पटावर तीं तेरा होतीं, आणि आम्हांस जें शिकावयाचें होतें तें बहुतेक त्यांतच लिहिलेलें होतें.